गच्चीचा कठडा

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. पन्नासच्या दशकात दापोडीत पत्र्याच्या खोलीत राहायचो. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या लेथचा पट्टा उघडाच फिरायचा. एकदा एका कामगाराचा सदरा त्यात अडकता अडकता वाचला. बाबांनी जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याभोवती सळ्यांचा कठडा बसवला.

फोरमन खेकसला, “कुणाच्या हुकमावरून?”

“आमच्या धर्मशास्त्राच्या. गच्ची बांधली की कठडा घालायचा. कुणी पडलं तर पाप घरमालकाला.”

“कारखाना काय तुमच्या मालकीचा आहे?”

हे ऐकून घरी मी भडकले. “मालक गप्प, आणि बोलणी तुम्ही का खायची?”

बाबा म्हणाले, “मालकाला तो पट्टा दिसत नाही. मला रोज दिसतो.”

गच्ची बाबांना जन्मात बांधता आली नाही. कठडा मात्र त्यांनी बांधला.