जाळीतले दगड

नव्वदचं दशक सरत आलं होतं. रोह्याबाहेर नदीकाठी मुंबईच्या एका शेटच्या बंगल्याचं काम चाललं होतं आणि आम्ही बापलेक तिथे गवंडी होतो. वडिलांनी पेण तालुक्यात जन्मभर दगडी जोती आणि गडगे रचले होते. सिमेंटचा कण न घालता रचलेला त्यांचा गडगा म्हशीने अंग घासलं तरी हलत नसे.

आर्किटेक्ट तिशीतला. चिखलात पाय पडू नये म्हणून फळीवरून चालणारा. विटांच्या भिंती उभ्या राहिल्यावर त्याने त्यांना बाहेरून तारेच्या जाळीचे पिंजरे लावून त्यांत दगड भरायला सांगितले. असले पिंजरे आम्ही खाडीचा बांध फुटल्यावर टाकलेले पाहिले होते. चांगल्या भिंतीला ते कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

पहिला पिंजरा वडिलांनी दोन दिवस भरला. प्रत्येक दगडाचं तोंड पाहून, मागे दगडाच्या चिपा ठोकून. आर्किटेक्टने तो रिकामा करायला लावला. फारच नीटनेटका दिसतोय, मला नैसर्गिक हवंय, घमेल्याने वरून ओता, असं त्याचं म्हणणं.

"साहेब, दगड बसवायचा असतो," वडील म्हणाले. "ओतला तर जाळी पोट काढील."

"तुम्हाला यातलं कळत नाही," तो म्हणाला. बघत होता हातातल्या नकाशाकडे.

वडिलांनी हातोडा पिशवीत टाकला आणि आमच्या गावची, कासूची गाडी धरली. मी राहिलो आणि ओतले.

पावसाळा संपेपर्यंत जाळ्या फुगल्या. दारापाशी तर दोन दगड तार तोडून पायरीवर आले. तेव्हा आर्किटेक्टने वडिलांना आणायला मला घरी पिटाळलं.

"मी नाय येत," वडील म्हणाले. "तुला येतंय ना भरायला? मग भर."

सगळे पिंजरे उसवून मी एकेक दगड हाताने बसवला. महिना गेला. वास्तुशांतीच्या दिवशी आर्किटेक्ट पाहुण्यांना सांगत होता, दगडांची ही रचना त्याला कशी सुचली ते. एका बाईंनी मला विचारलं, हे भरलं कुणी? मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमचा हा पोरगा. सांगितलं तसं करतो बिचारा."

मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा होतो. असल्या माणसाची मला कीव येत नाही, किळसच येते. तो हात मी झटकला नाही, म्हणून थोडी माझीही.