नाकाचं काम

आमचं काम नाकाचं. लोकांना वाटतं, निसर्गाचं संग्रहालय म्हणजे पेंढा भरलेला बिबट्या आणि त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढणारी पोरं. ते बाहेरच्या दालनात. आत, कुलपाच्या खोलीत, बाटल्यांची कपाटं आहेत. साप, बेडूक, खेकडे, मासे. काही फॉर्मालिनमध्ये, काही स्पिरिटमध्ये. स्पिरिट मोठं लबाड. झाकणाच्या फटीतून ते हळूहळू उडून जातं आणि पाणी तेवढं मागं राहतं. बाटली भरलेली दिसते, आणि आतला मासा मात्र कुजायला लागलेला असतो. तपासायचं यंत्र फुटलं, ते नवीन मागून मागून माझी जीभ झिजली. मग उरलं नाक. उन्हाळा सरला की एकेक झाकण उघडायचं, हुंगायचं आणि सांगायचं, चांगलं आहे की पाणी झालंय. नोकरीला लागल्यापासून हे मीच करते.

मदतीला एकच माणूस, आमचे परिचर. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. मी तापट आहे आणि ते सोशिक आहेत, म्हणून जमतं.

गेल्या जूनमध्ये आम्ही माशांचं कपाट काढलं. गोदावरीतले जुने मासे, त्यातले काही आता जाळं टाकून टाकूनही सापडत नाहीत. पहिली बाटली उघडली, वास नाही. दुसरी, नाही. अख्खी रांग हुंगली, नाही म्हणजे नाही. म्हणजे सगळ्याचं पाणी झालेलं. स्पिरिट काय किराणा दुकानात मिळतं? उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि तिथं असे बघतात, जसं काही आम्ही प्यायलाच मागतोय. मग मी सुरू झाले. झाकणं नीट लावत नाही म्हणून चाचांवर, स्वस्तातली झाकणं आणतो म्हणून स्टोअरवाल्यावर, आणि कुणीच उरलं नाही तेव्हा उन्हावर.

"ओता सगळं बेसिनमध्ये," मी म्हणाले. "कॅनमध्ये नवं स्पिरिट उरलंय त्यात भागवू."

"सगळं, बाई?" चाचा बाटली हातात धरून उभे.

"मग काय, आरती ओवाळू त्याला?"

त्यांनी मासे ट्रेमध्ये काढले आणि ओतायला सुरुवात केली. चार-पाच बाटल्या रिकाम्या झाल्या असतील, तोच ऑफिसातला क्लार्क नाकाला रुमाल लावून दारात आला.

"काय मॅडम, भट्टी लावली का काय? पार साहेबांच्या केबिनपर्यंत वास यायलाय!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण चाचा मान खाली घालून उभे होते. मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि नाक आत खुपसलं. काही नाही. नळाच्या पाण्याला असेल तेवढाही वास नाही.

"चाचा, तुम्हाला येतोय वास?"

"पैल्या बाटलीलाच आला, बाई."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुमच्यापुढं कोण बोलणार? परवा डब्यातली डाळ नासली होती, ती बी खाल्ली तुम्ही. मला वाटलं सर्दी असंल. लई दिवसांची सर्दी."

चांगलं स्पिरिट मी माझ्याच हुकमानं गटारात घातलं होतं. उरलेलं मासे बुडेपर्यंत पुरलं, कसंबसं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं आत नळी घालून पाहिलं, मग काम काय करता म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "फॉर्मालिन, होय? गेलेला वास परत येईलच असं नाही." डॉक्टर अशा भाषेत बोलला की काय समजायचं ते आपल्याला कळतं. रडू नाही आलं, राग आला. पण काढणार कुणावर? आता चाचा हुंगतील आणि मी लिहीन, असं मनाशी ठरवलं. तेही या दिवाळीला निवृत्त. त्यांची जागा भरणार नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा दिवे लागले होते. घरात मी आणि आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावर असते. सकाळी मी निघाले की एक बाई येते, ती दुपारी जाते. आई आयुष्यभर टापटिपीची. गुलमंडीच्या बाजारात दुधाची पिशवी आणायला जायची तरी साडीची निरी न निरी जागेवर. त्यामुळं आमच्यात एक रीत पडली होती. मी दार उघडून आत आले की मला वासानंच कळायचं. मी काही न बोलता चादर बदलायची, ती भिंतीकडं बघायची, आणि दोघी भाजीच्या भावावर बोलायचो. तिला तोंडानं कधी सांगावं लागलं नाही. गेले काही महिने तर चादर बदलायची वेळच येत नव्हती. आई सुधारतेय म्हणून मी खूश होते.

त्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. चहा केला, बशीतून पाजला. डॉक्टरचं सांगायचं होतं, पण धीर होईना. बातम्या बघून झाल्या. गोधडी सारखी करायला हात घातला आणि चरकले. चादर, खालचं रबरी कापड, गादीची कड, सगळं ओलं. ओलं होऊन गार पडलेलं.

"अगं आई! कधीचं हे? सांगायचं नाही का?" माझा आवाज चढलाच.

"दुपारचं आहे."

"आणि रोज? रोज असंच?"

"सकाळी बाई बदलते. मीच म्हटलं तिला, पोरीला बोलू नको." तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मला वाटलं, तुला कळतंय गं. नळाला पाणी नाय, दिवसभर राबून येतेस. म्हटलं, पोरगी आता दमली."