घरातला वाल

सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. आत स्वयंपाकघरात बायको आणि आमची नवी सून अनुजा, दोघी खाली बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. कोमट पाण्यात भिजलेला वाल चिमटीत धरून हलकेच दाबला की साल मागे राहते आणि पांढरी डाळिंबी अलगद बाहेर येते.

हातांबरोबर बायकोचं तोंडही चालू होतं. सुनेला घरातली माणसं समजावून सांगणं चाललं होतं.

"तुझा नवरा म्हणजे मूग. चटकन फुगतो, तसाच चटकन शिजतो. नणंद मटकी. मोड आले की डब्यात मावत नाही."

"आणि बाबा?"

"ते वाल. जरा कडवट. घाईनं सोलायला गेलीस तर डाळिंबी मोडते. थोडा वेळ कोमट पाण्यात राहू द्यायचं."

मी पेपर वाचायचा थांबलो. ऑफिसात एकदा स्वभाव ओळखण्याचं शिबिर झालं होतं. तिथे मला निळा रंग मिळाला होता. त्याचा अर्थ मी घरी पोचेपर्यंत विसरलो. वाल मात्र मी जन्मात विसरणार नाही. कडवट म्हटल्याचा रागही फारसा आला नाही. रंगाला काही मोड येत नाहीत.

"आई, तुम्हाला किती दिवस लागले?" अनुजानं विचारलं.

"अजून सोलतेच आहे की!"

दोघी खळखळून हसल्या. मी उठून आत गेलो आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसलो. अनुजानं कोमट पाण्याचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.