ओट्यावरचा हात

आई मेहकरच्या घरी ओट्यापाशी कणीक मळता मळता गेली. म्हणून तिच्या नावाचा दिवाही ओट्यावरच ठेवला. दिव्याखाली पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि गेलेल्याचं कोणतं पाऊल उमटतं ते पाहायचं, ही आमच्याकडची रीत. मला असल्या गोष्टींचा भारी राग. शेवटच्या दिवशी टोपली उचलली, पीठ कोरंच होतं. "पाहा, काही नाही!" म्हणत मी फडकं फिरवलं, अन् खालच्या पांढऱ्या ग्रॅनाइटवर हाताचा पिवळट तळवा दिसला. अंगठ्यासकट. मी पुन्हा पुन्हा घासलं, डाग निघेना.

तेरवीनंतर बाबांना माझ्या घरी, शेगावला न्यायचं ठरलं होतं. बीपीच्या गोळ्या विसरणाऱ्या माणसाला एकटं कसं ठेवणार? पण डाग पाहून ते म्हणाले, "तुही माय अजून घरातच हाय. मी नाही येत."

मी चिडून ओटा बसवणाऱ्या मिस्त्रीलाच बोलावलं. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "ताई, दगडाच्या बारीक छिद्रात रेझिन, डिंकासारखं रसायन, भरेल रायते. टोपलीखाली दिवा कोंडला, ते तापून पिवळं पडलं. गरम लागलं का वाढते, नाही तं हाय तेवढंच."

"ऐकलं, बाबा?"

"हाव," ते म्हणाले.

दिवा केव्हाच उचलला होता. गरम भांडं मी ओट्यावर टेकवतही नव्हते. तरी तळव्यातून एक बोट निघालं, खिडकीच्या दिशेनं. मग दुसरं. स्वयंपाकघरात एकटीनं जायची मला भीती वाटायला लागली. शिकलीसवरली बाई, अन् दगडाले भेते! माझा मलाच संताप यायचा.

एका सकाळी आतून बाबांचं बोलणं ऐकू आलं. "सरक जराशी, भाजन तुले."

मी दारातून पाहिलं. पोळ्या उलटायच्या आईच्या सराट्याचा दांडा गॅसवर तापवून बाबा तो डागाच्या कडेला दाबून धरत होते.

"बाबा! हे काय करून राह्यले?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "मिस्त्रीनंच सांगतलं ना, गरम लागलं का वाढते."

"म्हणजे हे तुम्हीच? अन् मी इथं भिऊन मरून राह्यली!" मला रडूच फुटलं. "ही आई नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत हाय बाई. ते पडली तवा मी आंगणात पेपर वाचत होतो. हात धराले बी नाही भेटला." त्यांनी सराटा पुन्हा गॅसवर धरला. "दोन बोटं राह्यली. हात पुरा झाला का येतो तुह्यासंगं."