दुसरं सरण

१२ मे, बुद्ध पौर्णिमा. सकाळी मी यांच्या पांढऱ्या सदऱ्याची बटणं काढून टिचबटणं लावत होते. लकवा मारल्यापासून यांचा उजवा हात धड चालत नाही. हाताचं निभलं असतं, पण वाचाही गेली होती. गावच्या विहारात वर्षानुवर्षं यांनीच वंदना घेतली. कुणी एक ओळ गाळली की हे हात वर करून सगळ्यांना थांबवायचे, पुन्हा पहिल्यापासून. आता तोंडातून नुसता हुंकार निघे आणि लाजेपायी हे विहाराची पायरी चढत नव्हते. बोलायचा प्रयत्न सोडला तर वाचा परतणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी तर तो सोडलाच होता. म्हणून सुटीचा दिवस धरून, जिथे ओळखीचं कुणी नसेल अशा दरेकसाकडच्या जंगलातल्या विहारात मी यांना नेलं.

तिथेही तेच. सगळे वंदना म्हणत होते आणि हे ओठ मिटून मूर्तीकडे बघत होते. मेणबत्ती लावताना माझ्या मनात प्रार्थना नव्हती, थकवा होता. नंतर विहारामागच्या जंगलवाटेने सावलीसावलीने यांना थोडं चालवलं. एका वळणावर हे दगडावर बसले ते उठेनात.

तेंदूपानांचं गाठोडं डोक्यावर घेतलेली एक म्हातारी तिथेच टेकली.

"काऊन बसले जी हे?"

"लकवा मारला. बोलता येत नाही."

"माह्या बुढ्याची बोलती बंद झाली असती, तं मी खीर वाटली असती."

यांच्या ओठांची कडा हलली. म्हातारीला तेवढं पुरलं. "तुमची पूजा मले बी येते. दरसाली पुनवेले विहारात खीर खाले येतो ना आम्ही." हात जोडून तिने सुरूच केलं, "बुद्धं सरणं गच्छामि. संघं सरणं..."

यांचा डावा हात वर गेला. मी बोलणार होते, पण थांबले.

"ध..." मग बराच वेळ काही नाही. मग, "धम्मं." अडखळत, घामाघूम होत, पण हे "सरणं गच्छामि"पर्यंत पोचले.

"मास्तर होते का वो हे?" म्हातारीने मला विचारलं. मग कुरकुरत तिने पहिल्यापासून म्हटलं, या वेळी नीट, आणि खीर संपेल म्हणून गाठोडं उचलून निघाली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही, मलाही तो नको. आयुष्यभर घोकलेलं असं कधीकधी बाहेर येतं, हे कुणीही सांगेल. पण त्या बाईला त्याच दगडापाशी टेकावंसं वाटलं आणि मला नेमकं तेव्हा गप्प राहता आलं, यातलं काही मी घडवलेलं नव्हतं. इतके महिने मी यांना ओढत होते. माझं ओढणं थांबलं तिथून पुढचं मला मिळालं. ते मी मान खाली घालून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत मेणबत्ती लावली, यांच्या शेजारी बसले. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं आणि पुढची ओळ यांच्यासाठी सोडून वाट बघत राहिले.