बिनडुप्लिकेटचे हिरो

लान्स नाईक महालिंग आमच्या पोस्टवर आला, त्या दिवसापर्यंत बुखारीजवळची, शेगडीच्या उबेची जागा माझी होती. मी तेव्हा नाईक. बर्फातली पोस्ट, आमचं एक सेक्शन, कमांडर हवालदारसाहेब. संध्याकाळचा रिपोर्ट फील्ड टेलिफोनवरून खालच्या पोस्टला जाई. मग चहा, मग गोष्ट. जो गोष्ट सांगेल, तो रॉकेलच्या बुखारीला खेटून बसणार, हा आमचा कायदा. मी पालमचा. स्टँडवर गोष्टी सांगून मी लोकांच्या एसट्या चुकवल्या आहेत.

महालिंग राणीसावरगावचा. दिसायला माझ्याहून बरा; तिथंच बिनसलं. त्याचे आजोबा तंबूतल्या टॉकीजमध्ये मशीन चालवत. बोलपट नुकते आले होते, त्या काळातले मारधाडीचे सिनेमे त्यांनी नातवाला सीनवार सांगितले होते. काळा मुखवटा, पांढरा घोडा, चाबूक, धावत्या रेल्वेच्या टपावर तलवारबाजी. पहिल्याच संध्याकाळी त्यानं हिरोला घोड्यासकट दरीपार उडवलं.

हवालदारसाहेब म्हणाले, "उद्या पण तूच."

मी दाराशी सरकलो. तिथं पाठ गोठते.

"उड्या डुप्लिकेट मारत असतील," मी म्हणालो.

"न्हाई उस्ताद. तवा डुप्लिकेट कुठला? हिरोच उडी मारायचा."

"तुझ्या आजानं बघितलं का?"

"आजानं पडदा तरी बघितला. तुमी तेबी न्हाई."

सेक्शन हसलं. फोनमधूनही हसू आलं. रिपोर्ट झाला तरी खालच्या पोस्टवाले त्याच्या गोष्टीसाठी लाइन धरून बसत. माझ्या गोष्टीला कुणी कधी लाइन धरली नव्हती.

एका दुपारी समोरून शेलिंग सुरू झालं. रेडिओ सेट फुटला, टेलिफोनची लाइन तुटली. खाली निरोप गेल्याशिवाय आपल्या तोफा बोलणार नव्हत्या. आम्ही दोघंही पुढं झालो.

"महालिंग, लाइन जोड. नाईक, कव्हर फायर," हवालदारसाहेब म्हणाले.

गोळे पडत असताना मला वाटलं, इथंही तोच.

त्यानं एकही उडी मारली नाही. पोटावर सरकत गेला. वायरची टोकं शोधली, हातमोजे काढून जोडली. मग सोबत नेलेल्या हँडसेटवरून त्याचा आवाज आला.

"टेस्टिंग. लाइन ओके?"

"ओके. परत ये," हवालदारसाहेब म्हणाले.

तो परत सरकत असताना पुढचा गोळा त्याच्यावरच पडला. लाइन मात्र टिकली. आपल्या तोफा सुरू झाल्या, समोरचं शेलिंग थांबलं. आम्ही बाकीचे सगळे वाचलो.

राणीसावरगावात दरवर्षी त्याच्या फोटोला हार घालतात. मी जातो. माझ्याकडे माझ्या स्वतःच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण तिथं फर्माईश एकच: महालिंगचा सिनेमा. मी उभा राहून सांगतो. घोडा होतो, चाबूक होतो, रेल्वेची शिट्टी तोंडानं वाजवतो. टाळ्या पडतात.

मग त्याची आई मला जवळ बसवते. "झ्याक सांगितलंस लेकरा," म्हणते. "पण आमचा महालिंग लय भारी सांगायचा."

"हो मावशी," मी म्हणतो. "लय भारी सांगायचा."

परतीच्या एसटीत पालम येईपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत असतो.