नूरुद्दीनभाऊ आणि काळ्या पठारावरचा ट्रॅप

राजुऱ्याचा नूरुद्दीन सख्ख्या भावाने दिलेला चहासुद्धा वास घेऊन पितो. त्याची एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. शहरातल्या हौशी लोकांना तो जिवतीच्या काळ्या पठारावर चढवतो, तिथे तंबूत मुक्काम असतो आणि स्वयंपाकाला मी, इसरू. इतकी वर्षं सोबत आहोत, पण माझ्या मिठाच्या डब्यावरही त्याचा भरवसा नाही.

संशयाला कारण आहे, ते मान्य. एकदा भाड्याने बसलेल्या लोकांच्या पोत्यात जनावरं पकडायचे तारेचे फासे निघाले. याला पत्ताच नव्हता, तरी जीप जप्त झाली आणि दोन पावसाळे सरकारी आवारात गंजत राहिली. पुन्हा तसं झालं तर घर कशावर चालवायचं, ही धास्ती त्याच्या मनातून जात नाही. तेव्हापासून प्रवाशांच्या बॅगा तो डोळ्यांनीच चाचपतो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून दिव्यानी मॅडम आणि त्यांचा नवरा राजदीप आले. मॅडम कॉलेजात शिकवतात, एवढंच आम्हाला ठाऊक. चढाखाली नूरुद्दीनने टायरची थोडी हवा सोडली, पहिला गिअर टाकला आणि जीप दगडांवरून कण्हत कण्हत वर निघाली. मॅडम फोटोसाठी थांबवा म्हणाल्या की तो मुकाट्याने थांबवत होता. एका वळणावर त्या खूश होऊन नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, इथून पार वरपर्यंत सगळा ट्रॅपच ट्रॅप!"

नूरुद्दीनचा चेहरा उतरला. आमच्या जिल्ह्यात ट्रॅप वाघासाठी असतो. वनखात्याने लावला तर कॅमेरा, चोराने लावला तर फासा. आणि ही दोघं खात्याची नव्हती.

वर पोचल्यावर मॅडमच्या पिशवीतून हातोडा निघाला, खुंट्या निघाल्या, नायलॉनची दोरी निघाली. झालं! नूरुद्दीनने मला बाजूला ओढलं.

"इसरू, हे शिकारी हायेत. मी फॉरेस्टच्या पत्रू गार्डले घेऊन येतो. तू यायले गोष्टीत गुंतवून ठेव."

"अरे, आधी विचार तं खरं त्यायले!"

"चोर कबूल करते काय? तुले काय होते, जीप माही जाईन."

गेला. त्यांच्या बॅगा जीपमध्ये, पाण्याचे कॅनही जीपमध्ये. मला असा राग आला की हातातला कांदा त्याच्या पाठीत फेकून मारावासा वाटला.

ऊन कलायला लागलं तसा राजदीप येरझाऱ्या घालू लागला. "सामान घेऊन पळाला तो. चल, उजेड आहे तोवर पायी उतरू."

मॅडम हलल्या नाहीत. "मी म्हणेन तिथे जीप थांबवली त्यांनी. असा माणूस आपल्याला वाघाच्या रानात टाकून जाणार नाही. येतील."

मला मान वर करवेना. शेवटी धीर करून विचारलं, "मॅडम, ट्रॅप कुठी लावले तुमी?"

"लावले?" त्या हसल्या. "अहो, या काळ्या दगडालाच ट्रॅप म्हणतात. लाव्हारसाचे थर साचून झालेला दगड. मी कॉलेजात दगडच शिकवते. हातोडा दगड फोडायला, खुंट्या-दोरी थर मोजायला."

मी कपाळावर हात मारला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जीप आली. गार्ड पत्रू उडी मारूनच उतरला. "नूरूभाऊ, हेच काय तुमचे शिकारी?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पत्रूने बॅगा उघडल्या. भिंग निघालं, दगडांचे तुकडे निघाले, कॉलेजचं ओळखपत्र निघालं. मी ट्रॅपचा अर्थ सांगितला तेव्हा पत्रू खो खो हसला. नूरुद्दीन हसला नाही.

"माफ करा मॅडम. मले वाटलं..."

"एकदा विचारायचं होतं मला." मॅडम दगडांचे तुकडे परत पिशवीत भरू लागल्या. "राजदीप म्हणत होता, तुम्ही चोर आहात. मी तुमच्यासाठी भांडत बसले हो इथे."

मुक्काम मोडला. दोघं बॅगा खांद्याला लावून पत्रूच्या मागे पायवाटेला लागली. नूरुद्दीन जीपचं दार उघडून उभा होता.

"पायी नोका जाऊ मॅडम. वाघाचं रान हाय. बसा ना."

मॅडम थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते आता," त्या म्हणाल्या.